पिकअप घ्यायचीय, पण इंजिनाची धास्ती आहे? मग ठरवायचं कसं

आमचा दादा, म्हणजे मावसभाऊ, सासवडजवळ अंजीर आणि सीताफळ करतो. माल गुलटेकडीच्या मार्केट यार्डात, कधी भाव बघून वाशीला. गेली सात-आठ वर्षं भाड्याच्या गाडीवर चाललं होतं. यंदा त्याने मनावर घेतलं की स्वतःची पिकअप घ्यायची, आणि तिथेच अडकला. कारण ज्याला विचारावं तो एकेक इंजिन बाद करत होता. एक म्हणे, बीएस-सिक्सच्या (बीएस म्हणजे भारत स्टेज, गाडीच्या धुरावरचे सरकारी नियम) नादी लागू नकोस, सेन्सरचा पसारा आहे. दुसरा म्हणे, जुनं बीएस-फोर घेशील तर आधीच्या मालकाने पिळून काढलेलं असेल. तिसऱ्याच्या मेव्हण्याचं इंजिन ६० हजार किलोमीटरला उठलं होतं. महिनाभर हे ऐकून दादाचा फोन आला, "तू ये बाबा, मला काही कळेना झालंय."

मला बोलावण्याचं कारण माझी हुशारी नाही. सोरतापवाडीच्या नर्सऱ्यांमधून रोपं पोचवायच्या धंद्यासाठी मी एकदा जुनी पिकअप घेतली होती, आणि सहाव्या आठवड्यात ती दिवे घाटाच्या दुसऱ्या वळणावर वाफा सोडत उभी राहिली. हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांमधलं सील) उडालेलं, हेड वाकलेलं. काम ९२ हजारांचं, गाडी अकरा दिवस उभी, आणि हौद्यातली झेंडूची रोपं उन्हात माना टाकून बसलेली. विकणाऱ्याने मी पोचायच्या आधीच इंजिन धुऊन, गरम करून ठेवलं होतं, आणि 'किती छान चालू होते' म्हणून मी खूश झालो होतो. पुढे जे लिहिलंय त्यातलं बरंचसं त्या ९२ हजारांत शिकलोय.

हा लेख मालवाहू पिकअपबद्दल आहे: बोलेरो पिकअप, योद्धा, इंट्रा, दोस्त या वर्गातल्या गाड्या. हायलक्स किंवा व्ही-क्रॉस हौसेसाठी घेणाऱ्यांचं गणित वेगळं.

आधी वही, गाडी नंतर

'कुठलं इंजिन चांगलं?' या प्रश्नाला उत्तर नाही, कारण तो अर्धाच प्रश्न आहे. उरलेला अर्धा म्हणजे 'माझ्या कामाला'. एकच इंजिन एकाकडे तीन लाख किलोमीटर जातं आणि दुसऱ्याकडे ऐंशी हजारांत मान टाकतं. दोघांचे रस्ते आणि दोघांचा माल बघितला की त्याचं नवल वाटत नाही.

म्हणून आधी दोन आठवडे वही ठेवा. रोज चार गोष्टी लिहा: किती किलोमीटर, किती किलो माल, रस्त्यात घाट किती, आणि ट्रॅफिकमध्ये रांगत किती वेळ गेला. दादाच्या वहीत आलं ते असं. आठवड्याला चार खेपा, एका बाजूने तीस-पस्तीस किलोमीटर, बहुतेक पहाटे तीनच्या सुमाराला, म्हणजे रस्ता मोकळा. माल ९०० ते १,१०० किलो. जाताना दिवे घाट भरल्या गाडीने उतरायचा, येताना रिकाम्या गाडीने चढायचा. महिन्यातून दोनदा वाशी.

हे कागदावर आलं आणि निम्मे वाद मिटले. दादाची गाडी भरलेली घाट चढणारच नाही, ब्रेक आणि गिअरवर उतरणार आहे. उलट हडपसरवरून माल भरून सासवडला नेणाऱ्याच्या इंजिनावर त्याच घाटात दुप्पट ताण. दादा पहाटे निघतो, म्हणून त्याचं इंजिन व्यवस्थित तापतं आणि एका वेगात पळतं. हेच कुणी भोसरीतून चाकणला दिवसा दहा-दहा किलोमीटरच्या फेऱ्या मारत असेल, तर त्याची काळजी पूर्ण वेगळी. का, ते आता सांगतो.

बीएस-सिक्सचं नेमकं दुखणं काय

१ एप्रिल २०२० पासून देशात नवी गाडी बीएस-सिक्सच विकता येते, आणि १ एप्रिल २०२३ पासून त्याचा आणखी कडक दुसरा टप्पा लागू झाला. डिझेलमध्ये यामुळे मुख्यतः तीन गोष्टी चर्चेत आल्या: धुराची काजळी धरून ठेवणारा डीपीएफ, धुराचा काही भाग परत इंजिनात फिरवणारा ईजीआर (हा बीएस-फोरमध्येही होता), आणि काही गाड्यांमध्ये युरियाचं द्रावण फवारणारी एससीआर.

डीपीएफ म्हणजे जाळीची भट्टी समजा. काजळी साठते, आणि एका मर्यादेला पोचली की इंजिन जास्तीचं डिझेल सोडून ती जाळून टाकतं. त्यासाठी गाडी पुरेशी गरम आणि काही वेळ सलग चालती लागते. स्वारगेट ते हडपसर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगणाऱ्या गाडीला तो निवांतपणा मिळतच नाही. जाळायला सुरुवात होते, तेवढ्यात चालक गाडी बंद करून माल उतरवायला लागतो. असं चार-पाच वेळा झालं की दिवा लागतो, ताकद कमी होते. आणखी एक गोष्ट होते जी फारसं कुणी सांगत नाही: जाळण्यासाठी सोडलेलं डिझेल पूर्ण न जळता सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं आणि बेअरिंग झिजायला लागतात. म्हणून बीएस-सिक्स डिझेल गाडीत डिपस्टिकवर ऑइल *वाढलेलं* दिसलं तर खूश होऊ नका. वास घ्या. डिझेलचा वास आला तर बहुतेक त्या गाडीने शहरात छोट्या फेऱ्याच मारल्या आहेत.

तेव्हा ठोकताळा असा. रोजचं काम शहरातलं, छोट्या टप्प्यांचं, थांबत-थांबत असेल तर बीएस-सिक्स डिझेलचा हट्ट सोडा. त्या कामाला सीएनजी किंवा पेट्रोलवरची छोटी गाडी बघा: सुपर कॅरी, इंट्राचा दुहेरी इंधनाचा प्रकार वगैरे. डीपीएफची कटकटच नाही. मात्र पंपावरच्या रांगेचा वेळही वहीत धरा, तो फुकट नसतो. काम हायवेचं, मंचर-नारायणगावहून टोमॅटो वाशीला नेण्यासारखं असेल, तर बीएस-सिक्स डिझेलला नावं ठेवायचं कारण मला दिसत नाही.

आणि बीएस-फोर? रचना सोपी, गल्लीतला मिस्त्रीही उघडतो. पण विक्री ३१ मार्च २०२० ला थांबली, म्हणजे सर्वांत नवी बीएस-फोरसुद्धा आता वयात आलेली आहे. मालवाहू गाडीचं फिटनेस आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावं लागतं. दरवर्षीचं पासिंग म्हणजे फी, एजंट, वेल्डिंग, रंग आणि बुडालेला दिवस, सगळं आलं.

ऐकीव गोष्टी गाळायच्या कशा

'हे इंजिन फेल जातं' असं कुणी म्हणालं की तीन प्रश्न विचारा. कुठला पार्ट गेला? किती किलोमीटरला? कुठल्या सालची गाडी? तिन्हीची उत्तरं आली तर लिहून घ्या. 'अहो सगळ्यांचंच जातं' असं उत्तर आलं तर चहा प्या आणि निघा.

मग नाना पेठेत जा. स्पेअर पार्टच्या दुकानदाराला गाडी विकायची नसते, म्हणून तो खरं बोलतो. त्याला इंजिन कसं आहे ते विचारू नका. त्या मॉडेलचा इंजेक्टर, टर्बो, हेड गॅस्केट आणि ईजीआर व्हॉल्व्ह आहे का, कंपनीचा केवढ्याला आणि बाहेरचा केवढ्याला, एवढंच विचारा. शेल्फवरून काढून समोर ठेवला तर एक अर्थ, 'मागवावा लागेल, आठ दिवस' म्हणाला तर दुसरा. इथे एक गफलत टाळा: पार्ट भरपूर ठेवलेला आहे म्हणजे तो भरपूर जातो असं नाही. गाड्याच जास्त विकल्या गेल्या असतील तरी शेल्फ भरलेलं असतं. माझ्या मते सगळीकडे मिळणारा, मधूनमधून जाणारा पार्ट हा क्वचित जाणाऱ्या पण न मिळणाऱ्या पार्टपेक्षा कधीही परवडतो. गाडी उभी राहणं हा खरा खर्च.

दुसरा खरा माणूस म्हणजे बोअरिंगवाला. ब्लॉक आणि हेड शेवटी त्याच्याच लेथवर येतात. त्याच्याकडे पंधरा मिनिटं उभं राहिलं की कोणत्या इंजिनचं हेड वाकतं, कोणाचा क्रँक येतो, हे न विचारता कळतं.

तिसरी तपासणी घरबसल्या. कंपनीच्या संकेतस्थळावर चासी नंबर टाकून त्या गाडीवर रिकॉल (दोष दुरुस्त करायला कंपनीने गाड्या परत बोलावणं) निघालाय का ते बघा. एप्रिल २०२१ पासून सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी सरकारला सक्तीने रिकॉल करायला लावता येतो, आणि रिकॉलचं काम कंपनीला स्वखर्चाने करावं लागतं. जुनी गाडी असेल तर ते काम झालंय का, हे अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या नोंदीत दिसतं.

गाडी बघायला जाताना: इंजिन थंडच हवं

आदल्या रात्री फोन करून सांगा, "सकाळी मी आल्याशिवाय गाडी चालू करू नका." पोचल्यावर पहिलं काम बॉनेटवर हात ठेवायचं. कोमट लागलं तर पुन्हा दुसऱ्या दिवशी या. उद्धटपणा वाटला तर वाटू दे.

थंड इंजिनावर क्रम असा ठेवा.

रेडिएटरचं झाकण उघडा (थंड असतानाच, गरम असताना कधीही नाही). आत हिरवं-गुलाबी कूलंट हवं. गंजाचं तांबूस पाणी असेल तर मालकाने वर्षानुवर्षं नळाचं पाणी ओतलंय. वर तेलाचा तवंग असेल तर हेड गॅस्केटचा संशय धरा. ऑइल भरायचं झाकण उलटं करून बघा. खाली दुधाच्या सायीसारखा पांढुरका थर म्हणजे ऑइलमध्ये पाणी. पावसाळ्यात छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत झाकणाला थोडा ओलावा जमतो, तेवढ्याने घाबरू नका. डिपस्टिकवरही तोच रंग दिसला तर मात्र तिथूनच घरी परत. डिझेलचं ऑइल काळंच असतं, रंगावरून काही ठरत नाही. पातळी, वास आणि बोटांमध्ये चोळल्यावर कचकच लागते का, एवढंच बघायचं.

आता चालू करा, आणि तुम्ही सायलेन्सरमागे उभे राहा. थंडीत सुरुवातीचा पांढुरका धूर काही क्षणांत गेला तर ठीक. गोडसर वासाचा पांढरा धूर येतच राहिला तर कूलंट जळतंय. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, गॅरेजच्या भाषेत इंजिन ऑइल खातंय. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी: इंजेक्टर, टर्बोचा पाइप, किंवा नुसता तुंबलेला एअर फिल्टर. वाघोली आणि मोशीच्या खडी-क्रशर पट्ट्यात चालणाऱ्या गाड्यांचा एअर फिल्टर आवर्जून उघडा. तिथली धूळ फाटक्या फिल्टरमधून आत गेली की रिंग आणि बोअर सॅंडपेपर लावल्यासारखे झिजतात.

इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण सैल करून तसंच वर ठेवा. थोडंसं थरथरणं चालतं. झाकण उडायला लागलं आणि आतून धुराचे झोत यायला लागले, तर कॉम्प्रेशन खाली गळतंय. रिंगा गेल्यात. मिस्त्री ऑइलचं झाकण बघून 'हाफ इंजिन' की 'फुल इंजिन' (अर्धंच काम की सगळं खोलायचं) एवढं सांगून टाकतात. तुम्हाला तेवढं बारकाईने नाही कळलं तरी झाकण नाचतंय की नाही हे कुणालाही दिसतं.

बीएस-सिक्स डिझेल असेल तर सायलेन्सरच्या टोकात, थंड असताना, बोट फिरवा. डीपीएफ नीट असेल तर बोट जवळपास स्वच्छ निघतं. काजळ आलं तर डीपीएफ फुटलाय किंवा कुणीतरी आतून रिकामा केलाय. 'काढून टाकला, आता टेन्शन नाही' असं विकणारा अभिमानाने सांगेल. ते बेकायदा आहे आणि उद्या पीयूसी-पासिंगला अडकणारी गाडी तुमच्या नावावर असेल.

पुराच्या पाण्यातली गाडी

याला वेगळा मथळा देतोय, कारण पुण्यात हा धोका खरा आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुरात आणि २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडच्या एकतानगरीत गाड्या पाण्यात गेल्या. पाण्यात बुडालेली गाडी कुणी चालू करायचा प्रयत्न केला की सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. वाकलेल्या रॉडने गाडी काही महिने चालतेही, मग एक दिवस ब्लॉकला भोक पाडते.

बघायचं काय? सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, टोकाला चिखलाची रेघ असते. सीटखालच्या रुळांवरचा गंज, फ्यूज बॉक्सच्या कोपऱ्यातली वाळलेली माती, डॅशबोर्डखालच्या वायरिंगवर हिरवट बुरशी. आणि इन्शुरन्सच्या क्लेमचा इतिहास मागा. नाही दिला तर का नाही, ते विचारा.

भरून घाट चढवा

रिकाम्या पिकअपची चाचणी ही चाचणीच नव्हे. विकणाऱ्याला सांगून आपल्या रोजच्या मालाच्या निम्मं तरी वजन टाका. आम्ही दादाचे रिकामे क्रेट आणि सिमेंटची दहा पोती नेली होती. हडपसर, फुरसुंगी, वडकी करत दिवे घाट चढायचा. कात्रज बाजूला असाल तर जुना कात्रज घाट घ्या.

चढताना काटा बघा, गाणी बंद. तापमान मध्यावर येऊन स्थिर राहिलं पाहिजे. घाटात हळूहळू वर सरकत राहिलं तर रेडिएटर, फॅन, थर्मोस्टॅट किंवा हेड, यांपैकी काहीतरी आहे. तिसऱ्या गिअरमध्ये ताकद अचानक तुटते का? टर्बोची शीळ वाढूनही वेग तसाच राहतो का? पाइप कुठेतरी फाटला असेल, स्वस्तात सुटेल, पण टर्बोही असू शकतो. वर पोचल्यावर लगेच बंद करू नका. दोन मिनिटं आयडलवर ठेवा, कारण लाल झालेल्या टर्बोच्या शाफ्टला ऑइल मिळत राहायला हवं. ही सवय गाडी घेतल्यावरही ठेवा. मग खाली वाकून बघा, कुठे थेंब, कुठे वाफ.

उतरताना गिअरवर गाडी धरून या, पाय ॲक्सिलरेटरवरून पूर्ण काढा, आणि सपाटीला एकदम दाबा. मागे बसलेल्या माणसाला निळा फवारा दिसला तर व्हॉल्व्हची सील गेल्याचा संशय धरा. नुसत्या सीलचं काम फार मोठं नाही, पण भावात ते कापायचं.

ओव्हरलोडचा इतिहास इंजिनपेक्षा पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) जास्त प्रामाणिकपणे सांगतात. मागच्या पाट्यांमध्ये एखादा जास्तीचा पाटा घातलेला, चेसिसला पट्टी वेल्ड केलेली, हौद्याची जमीन खचलेली दिसली तर समजा की पासिंगपेक्षा बराच जास्त माल रोज वाहिला गेलाय. अशा गाडीच्या क्लचने आणि बेअरिंगनेही तेच भोगलंय. तुम्हालाही तसंच चालवायचं असेल, तर ओव्हरलोडला दंडच २० हजारांपासून सुरू होतो आणि वर दर जादा टनाला २ हजार, हे वहीत मांडा.

मिस्त्री आणि स्कॅनर

इथपर्यंत पास झाली तरच मिस्त्रीला पैसे द्या. मिस्त्री *तुमचा* हवा, विकणाऱ्याच्या ओळखीचा नको. तीन कामं सांगा. सिलिंडरचं कॉम्प्रेशन: आकडा किती यापेक्षा सगळे सिलिंडर एकमेकांच्या जवळ आहेत का ते महत्त्वाचं, दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. इंजेक्टरची रिटर्न चाचणी: बाटल्या लावून कुठला इंजेक्टर जास्त डिझेल परत सोडतो ते बघतात. आणि टर्बोचा पाइप काढून, इंजिन बंद आणि थंड असताना, शाफ्ट हलवून बघणं: बाजूला किंचित हलला तर चालतो, आत-बाहेर हलायला नको. चालू इंजिनाच्या डिझेल पाइपला हात लावू नका. कॉमन रेलमध्ये (इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीत) हजार बारच्या वर दाब असतो, बारीक फवारा कातडीत शिरतो.

स्कॅनर लावल्यावर नुसतं 'एरर नाही' यावर समाधान मानू नका. एरर मिटवून किती किलोमीटर झाले, हे बहुतेक स्कॅनर दाखवतात. ते फक्त २० किलोमीटर असेल तर काल संध्याकाळी कुणीतरी मिटवलंय. आमच्या बाबतीत दुसऱ्या गाडीला ते १४ निघालं. विकणारा म्हणाला, "बॅटरी बदलली होती." असेलही. पण आम्ही निघालो.

डीपीएफमध्ये काजळी किती, आणि शेवटची सफाई कधी झाली, हेही बघून घ्या. किलोमीटरचा आकडा इंजिनाच्या संगणकात आणि मीटरमध्ये जुळतो का तेही. मीटर मागे केलेलं असेल तर पेडलचं रबर आणि स्टिअरिंगची झिजलेली कड खोटं बोलत नाही.

कागद

थोडक्यात सांगतो, कारण यावर पुष्कळ माहिती मिळते. इंजिन नंबर आणि चासी नंबर स्वतः वाचून आरसीशी जुळवा. इंजिन बदललेलं असेल आणि आरसीवर नोंद नसेल, तर गाडी फुकट दिली तरी नको. वाहन पोर्टलवर टॅक्स, फिटनेस, बोजा, चलन बघा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. हस्तांतराला फॉर्म २९ आणि ३०. विक्रीनंतर १४ दिवसांत कळवायची जबाबदारी विकणाऱ्याची असते, पण धावपळ आपणच करायची, कारण अडकणार आपण. गाडी बारा पासिंगची (एमएच-१२) असेल तर काम संगम पुलाजवळच्या आरटीओत, चौदाची असेल तर मोशीला. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर नवी सुरक्षा नंबरप्लेट लागलीय का ते बघा. आपल्या परवान्याबद्दल शंका नको: साडेसात टनांखालच्या मालवाहू गाडीला साधा एलएमव्ही (हलक्या वाहनाचा) परवाना चालतो, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केलंय.

आता आकडे

दादाच्या घरी हे गणित वहिनींनी मांडलं. दादा गाडीच्या रंगाबद्दल बोलत होता, वहिनींनी कॅल्क्युलेटर काढला. आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे तुम्ही घाला.

समजा नवी गाडी रस्त्यावर १० लाखांना. दोन लाख रोख, आठ लाख कर्ज, १० टक्क्यांनी पाच वर्षं: हप्ता साधारण १७ हजार. समजा जुनी साडेचार लाखांना. दीड लाख रोख, तीन लाख कर्ज १४ टक्क्यांनी तीन वर्षं: हप्ता साधारण १० हजार २५०. जुनीला लगेच टायर, ऑइल, बॅटरी, कागद मिळून ४० हजार. आणि वेगळ्या खात्यात एक लाख, ज्याला हात लावायचा नाही. हा इंजिनाचा गल्ला.

माझं म्हणणं एवढंच आहे की हा गल्ला बाजूला ठेवता येत नसेल तर जुनी गाडी घेऊ नका, मग इंजिन कितीही नावाजलेलं असो. गल्ला असेल तर इंजिनाची धास्ती हा फक्त एक खर्च उरतो. नसेल तर तीच धास्ती सावकाराकडे नेते. माझ्या ९२ हजारांपैकी ६० हजार मी कुणाकडून कसे उभे केले ते इथे नको.

गाडी उभी राहण्याचा खर्चही लिहा. दहा दिवस गाडी बंद, अंजिराचा हंगाम, भाड्याची गाडी एका खेपेला समजा २,५०० रुपये. अंजीर दोन दिवस थांबत नाही.

भावाची घासाघीस करताना एक मुद्दा हाताशी ठेवा: २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. नव्या गाड्या स्वस्त झाल्या, पण जुन्यांचे भाव सांगणाऱ्या अनेकांच्या डोक्यात अजून आधीचीच किंमत बसलेली असते. नव्या गाडीचं ताजं कोटेशन खिशात ठेवून जा आणि टेबलावर ठेवा.

आणि तिसरा पर्याय खोडू नका. महिन्याला आठ खेपा असतील तर २,५०० प्रमाणे २० हजार भाडं. नव्या गाडीचा हप्ता, इन्शुरन्स, डिझेल आणि चालक धरला तर भाड्याचीच परवडते. दादाच्या सोळा-सतरा खेपा भरत होत्या, वर वाशीच्या दोन, म्हणून स्वतःच्या गाडीचं गणित बसलं.

पैसे देताना

विसार द्यायचा तर कागदावर, आणि त्यात एक ओळ: 'खरेदीदाराच्या मेकॅनिकच्या तपासणीत इंजिन, गिअरबॉक्स किंवा कागदपत्रांत दोष आढळल्यास विसार परत.' प्रामाणिक माणूस यावर सही करतो. उरलेली रक्कम बँकेतूनच द्या. विक्रेता व्यावसायिक असेल आणि गाडी तुम्ही स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून घेत असाल, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली तुम्ही ग्राहकच ठरता, मालवाहू गाडी असली तरी. तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५. खाजगी माणसाकडून घेतलीत तर हा आधार नाही, म्हणून तिथे तपासणीच सगळं.

इन्शुरन्स १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्याबरोबर जातो.

पहिला महिना

दादाने शेवटी चौथी गाडी घेतली. २०२१ ची बीएस-सिक्स डिझेल, शिरवळच्या एका माणसाने हायवेवर चालवलेली, सायलेन्सरमध्ये बोट फिरवलं तर जवळजवळ कोरडं. घेतल्या दिवशी ऑइल, ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर, एअर फिल्टर, कूलंट सगळं बदललं, आधी कधी बदललंय हे कुणीही काहीही सांगितलं तरी. डिझेल फिल्टरमधलं पाणी सोडायचा नळ कुठे आहे ते मिस्त्रीकडून दाखवून घेतलं.

वहीत आता एक नवं पान आहे. दर हजार किलोमीटरला, सकाळी गाडी थंड आणि सपाटीवर असताना डिपस्टिक बघायची आणि खुणेपासून किती खाली आहे ते लिहायचं. पहिल्या हजाराला काहीच फरक नाही. दुसऱ्या हजाराला किंचित खाली, दादाने लगेच मला फोटो पाठवला. मी विचारलं, गाडी कुठे उभी होती? उतारावर. म्हटलं, अंगणात सपाटीला आणून अर्ध्या तासाने पुन्हा बघ. तिसऱ्या हजारापासून वहिनीच बघतात.